अप्पा आणि बुखारीचं धुराडं

फोन काकूनेच केला. "तुझे काका उठत नाहीयेत गं..." एवढंच म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "बुखारी पेटवली होती का?" ऑक्टोबर महिना, फरीदाबादला अजून पंखे चालू होते. अप्पा झोपेतच, हृदय थांबून गेले होते. तरी मला सुचलं ते हेच. त्या घरात आम्हा तिघांच्या मनात एक भीती बसली होती आणि ती इतक्या वर्षांत जरासुद्धा कमी झाली नव्हती.

अप्पा माझे सख्खे काका. केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म गेला. माणूस जात्याच भित्रा. पालीला घाबरायचे, लिफ्टला घाबरायचे, विमानाचं नुसतं तिकीट काढलं तरी त्यांचं जेवण सुटायचं. सिमल्याची बदली संपवून आले ते तिथली बुखारी घेऊनच. म्हणजे लोखंडाची बंद चूल; आत लाकडं जळणार आणि धूर पत्र्याच्या उंच धुराड्यातून गच्चीच्याही वर जाणार. काकूचे गुडघे फरीदाबादच्या थंडीत आखडायचे, म्हणून हा सगळा खटाटोप. शेजारचे गृहस्थ म्हणायचे, "अरे भाई साहब, हीटर ले लो यार!" पण विजेला तर अप्पा सगळ्यात जास्त घाबरायचे.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते, तेव्हाची एक दिवाळी. गल्लीत आमचं एकच मराठी घर, तेव्हा आपला आकाशकंदील लांबून दिसला पाहिजे, अशी अप्पांना हौस आली. सगळ्यात उंच काय, तर धुराडं. त्याची टोपी काढून त्यांनी त्याच्या तोंडात बांबू उभा केला, तो हलू नये म्हणून भोवती गोणपाट ठासलं आणि वर कंदील चढवला. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत कंदील उतरवायचा नाही, ही आमच्या घरची रीत. तोवर बुखारी कोण पेटवतंय? पण त्या वर्षी अवेळी पाऊस आला, एकाएकी गारठा पडला. शनिवार होता. अप्पा ऑफिसात असताना काकूने खिडक्या लावल्या आणि बुखारी पेटवली. धुराड्यात ठासलेलं गोणपाट दोघींच्याही लक्षात नव्हतं. थोडा धूर खोलीत आला, तर म्हणाली, "लाकूड ओलं असेल." मग धूर निवला, लालबुंद निखारे झाले आणि आम्ही निर्धास्त झालो. घात केला तो त्या निखाऱ्यांनी. त्यांच्या वायूला ना रंग ना वास. माझं डोकं ठणकू लागलं. काकू खुर्चीत कलंडली. मला तिला हाक मारायची होती, पण जीभ उचलेना आणि पाय तर माझे राहिलेच नव्हते. मरण असं गुपचूप शेजारी येऊन बसतं, हे मला त्या दुपारी कळलं. शनिवारचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस, म्हणून अप्पा लवकर आले आणि आम्ही वाचलो. दोघींना ओढत त्यांनी अंगणात आणलं. काकूने डोळे उघडल्यावर त्यांनी वर कंदिलाकडे पाहिलं. "मीच बूच मारलं..." असं म्हणून ते भर पावसात खाली बसले.

त्यानंतर धुराड्याला त्यांनी दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. दर वर्षी थंडीच्या तोंडावर कमरेला दोर बांधून, थरथरत शिडी चढायचे. बांबूला बांधलेला तारेचा ब्रश वरून आत घालून पाइप घासायचे. खाली मी घमेलं धरून. काजळीचे पापुद्रे बदाबदा पडायचे. मग पाइपाच्या खालच्या तोंडाशी आरसा धरायचा. "आकाश दिसतंय का गं?" "दिसतंय." "सगळं?" "बिल्कुल सगळं, अप्पा." तरी उतरून स्वतः बघायचेच. ओलं लाकूड घरात आणू द्यायचे नाहीत आणि खिडकीला कायम फट. त्यांच्या भित्रेपणावर मी एरवी पुष्कळ हसले, पण ते शिडीवर असताना माझंही तोंड कोरडं पडायचं.

यंदा ते काम व्हायच्या आतच ते गेले. गेल्या आठवड्यात थंडी पडली आणि मी फरीदाबादला गेले. काकू शाल गुंडाळून बसली होती. "पेटव ना गं," म्हणाली. मला नाही म्हणवेना. कमरेला दोर बांधून शिडी चढले. घासलं, तर काजळीबरोबर कबुतराच्या घरट्याच्या काटक्या निघाल्या. तशीच पेटवली असती तर? आरसा पुन्हा पुन्हा धरला. आधी नुसता कागद जाळून धूर वर जातोय हे पाहिलं आणि मगच लाकडं घातली.

ऊब आली तशी काकूने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिची मान कलली. खिडकी उघडी आहे, पाइप साफ आहे, सगळं ठाऊक असूनही मी उठून तिच्याजवळ गेले. हाक मारली. पुन्हा, घाबऱ्या आवाजात हाक मारली.

डोळे न उघडताच ती म्हणाली, "अहो, जागी आहे मी. रोज मेलं घडीघडीला हाका मारत बसता... आता तरी झोपा तुम्ही."

बुखारी विझून गार होईपर्यंत मी तिच्यासमोरून हलले नाही.