मुका डबा आणि मिश्रीलालशेठची बोहनी

मेहरूणच्या बेबाबाईने आयुष्यभर केळी विकली, पण सडकं केळं बदलून देताना कधी तोंड वाकडं केलं नाही. सगळेच दुकानदार असे असतात, असं तिला वाटायचं. बाई भोळीच!

लेक मोनालीला घरबसल्या टायपिंगचं काम मिळालं. अट एकच, सोमवारी सकाळी कम्प्युटर चालू नसेल तर काम दुसऱ्या मुलीला. बेबाबाईने मिश्रीलालशेठच्या दुकानातून नवाकोरा कम्प्युटर आणला. त्याचा सीपीयूचा डबा इतका हलका, की तिने रिक्षातून एका हाताने उतरवला. घरी कुंकू लावलं, नारळ फोडला, बटण दाबलं. डबा ढिम्म.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन दुकानात हजर. शेठ गोड हसले. "अक्का, बसा, चहा घ्या. पण अजून पहिली विक्री नाही. बोहनीआधी माल परत घेतला तर दिवस बुडतो."

हे तिला पटलं. तीही बोहनी मानणारीच. मग तिनेच एक माउस विकत घेऊन शेठची बोहनी करून दिली.

"आता गिऱ्हाइकी सुरू झाली, अक्का. चारचौघांत डबा उघडला तर दुकानाची अब्रू जाईल. दुपारी या."

दुपारी शेठ आडवे. संध्याकाळी दिवाबत्ती, लक्ष्मीची वेळ. रोज तेच. घरात माउस तीन झाले, डबा मुकाच. चहात आलं मात्र न चुकता असायचं.

रविवारी मोनाली रडली, आणि बेबाबाईचं टाळकं सरकलं. शटर उघडण्याआधीच ती डबा आणि केळ्यांची पाटी घेऊन दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून बसली.

"अक्का, बाजूला व्हा, गिऱ्हाईक आत कसं येईल?"

"मनी बोहनी व्हयनी नही, शेठ. त्याआधी पाटी कशी उचलू?"

"मग मला द्या डझनभर."

"देसू ना. आधी डबा उघाडा."

पायरीपाशी माणसं जमली. शेठना घाम फुटला. त्यांनी डबा उघडला, तर आत काहीच नाही! काचेत मांडायचा रिकामा नमुनाच त्यांनी विकला होता.

"अक्का, आधी सांगायचं ना!" शेठ म्हणाले.

अस्सल डबा आला, घरी चालू झाला, तेव्हा कुठे डझनभर केळी शेठना मिळाली.

सोमवारी सकाळी शेठ एक काळं पडलेलं केळं घेऊन बेबाबाईच्या पाटीपासून जरा लांबच उभे राहिले.

"बोहनी झाली का, अक्का?"

"नही."

"मग नंतर येतो."

बेबाबाईने त्यांना थांबवलं आणि चांगलं केळं हातावर ठेवलं. "ल्या, शेठ. मनी पोर आज कामले लागनी."