काजलच्या हातचा तपकिरी रंग

वर्ध्याच्या एका दवाखान्याच्या पॅथॉलॉजीत टेक्निशियन सुलोचनाच्या हातच्या तपासणीच्या काचपट्ट्या गुलाबी-जांभळ्या रंगात अशा खुलत, की तिथल्या मुख्य डॉक्टर मेघा मॅडम शिकाऊ डॉक्टरांना त्याच दाखवत. मग नागपूरहून काजल आली. तिला मार्करची तपासणी येत होती, ज्यात ठरावीक गाठीच्याच पेशी तपकिरी होतात. तेव्हापासून मॅडमच्या तोंडी काजलचंच नाव. सुलोचनाला ते दिवसभर टोचे.

जाम गावच्या चौकात चहाचं दुकान चालवणाऱ्या आचलच्या गुडघ्याच्या हाडातला तुकडा तपासणीला आला. मॅडमना शंका होती, ही दुर्मिळ पण कॅन्सर नसलेली गाठ आहे की हाडाचा कॅन्सर? कॅन्सर निघाला तर पाय जाण्याची भीती. उत्तर मार्करच देणार होता: पेशी तपकिरी झाल्या तर कॅन्सर नाही.

"ताई, याले जोरदार ॲसिड नका घालू," काजल म्हणाली. "हाड हळूहळू मऊ होऊ द्या, नाईतर मार्कर चढत नाई."

"मले शिकवून राह्यली का तू? तू शाळेत होती तवापासून हेच करून राह्यली मी."

आणि सुलोचनानं मुद्दाम नेहमीचंच ॲसिड घातलं.

मार्कर चढला नाही. सुलोचनाला आधी बरंच वाटलं. मग आचलची आई मॅडमच्या दारात दिसली. "रिपोर्ट आला का जी?" ती विचारत होती. सुलोचना आल्या पावली मागे फिरली.

काजलनं मॅडमपुढे सुलोचनाचं नाव घेतलं नाही. "मॅडम, पुन्हा करून पाहते. तुकड्यातला मऊ भाग मी आधीच वेगळा ठेवला आहे," एवढंच म्हणाली.

म्हणजे या पोरीला आपला भरवसाच नव्हता! आणि वरून सांभाळूनही घेतलं!

रात्री पिपरी मेघे गावातल्या घरी सुलोचनाच्या नवऱ्यानं, प्रफुल्लनं विचारलं, "काऊन जेवत नाई?"

"त्या पोरीनं वाचवलं मले."

"मंग चांगलंच झालं ना!"

"म्हणूनच तर घास उतरून नाई राह्यला."

दुसऱ्या खेपेला पेशी तपकिरी उमटल्या. कॅन्सर नव्हता. मॅडमनी सुलोचनालाही मायक्रोस्कोपमधून दाखवलं. किती नितळ रंग! तो आपल्या हातचा नाही, या विचारानं तिचे डोळे भरून आले. आचलची गाठ खरवडून काढली, पाय वाचला.

पुढचं हाड आलं तेव्हा सुलोचनानं काजलकडे न बघताच विचारलं, "ते हळू मऊ करायचं कसं असते?"

काजलनं सगळं नीट सांगितलं. सुलोचनानं ते मनात पक्कं केलं. दुपारी मात्र काजलसोबत डबा खायला ती बसली नाही.