त्याच्याशी बोलत ठाण्यापर्यंत

मुलांनो, तुम्ही परदेशी जाताना माझ्याकडे ठेवून गेलात, तो कॉकटील पोपट मध्यंतरी गप्प झाला. एरवी तो तुमच्या व्हिडिओ कॉलची रिंग हुबेहूब वाजवतो. पोळी तव्यावर सोडून मी धावते, तर फोनची स्क्रीन काळीच असते. या खोडीवर मी चिडत असे. ती थांबली आणि घर एकदम मोठं वाटू लागलं. दाणे तो कसेबसे टिपायचा, मग पिसं फुलवून डोळे मिटून बसायचा.

पक्ष्यांच्या डॉक्टर ठाण्यात. फोनवर म्हणाल्या, "आजी, उद्याच आणा. पक्षी दुखणं लपवतात, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पण पकडून कोंबू नका. छोटा पिंजरा आत्ताच त्याच्यासमोर उघडा ठेवा, आत खायला थोडे राळे टाका. आणि मोठ्या पिंजऱ्याच्या तळाचा कागद आहे तसा आणा, मला त्याची शीट बघायचीय."

संध्याकाळपर्यंत तो आपणहून आत गेला. जुना कागदही मी घडी करून आत सरकवला. रोज कागद बदलणारी तुमची आजी घाणेरडा पिंजरा घेऊन लिफ्टमध्ये उभी राहिली, तेव्हा शेजारणीकडे बघवेना.

टॅक्सीत पिंजरा मांडीवर घेतला, वरून माझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा टाकला. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं: वाटेत हळू आवाजात बोलत राहा, ओळखीच्या आवाजाने तो कमी घाबरेल.

काय बोलावं तेच सुचेना. तुमचे आजोबा गेल्यापासून घरात सलग बोलणं झालंच नव्हतं. शेवटी दिसेल ते सांगू लागले, "हे बघ, मानपाडा आलं. इथे वळायचं आपल्याला."

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "आजी, मला रस्ता माहितेय."

"तुम्हाला नाही हो, त्याला सांगतेय."

"मग त्याला सांगा, शीळफाट्याला लय ट्रॅफिक आहे. उगाच मला शिव्या नको घालू म्हणावं."

"हळू बोला, घाबरेल तो."

त्याने मुकाट्याने रेडिओ बंद केला.

रस्ता सांगून संपला, तशी मी तुमच्याबद्दल सांगू लागले. धाकटीचा दात पडला. थोरला आता माझ्याशी इंग्रजीतच बोलतो, मीही इंग्रजीतच उत्तर देते. इंग्रजी मला येतं, पण तेव्हा तुमची आजी नव्हे, शाळेतली बाई बोलतेय असं वाटतं. हे तुम्हाला कधी म्हटलं नव्हतं. शीळफाटा कधी मागे पडला, कळलं नाही.

डॉक्टरांनी त्याला मऊ टॉवेलात धरून तपासलं. छातीत संसर्ग होता. "वाटेत दमला नाहीये," त्या म्हणाल्या. "बोलतो का हा?"

"फक्त फोन वाजवतो."

औषधाचे थेंब सुरू झाले. ते देतानाही मी बोलत राहिले. तो ऐकून घ्यायचा, पण गप्पच. राळे मात्र संपू लागले.

मग एका सकाळी मी पोळ्या करत असताना रिंग वाजली. तुमच्याकडे तेव्हा रात्र असते, तुम्ही झोपलेले असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी गॅस बंद केला, हात पुसले आणि फोन उलटा होता तो सरळ करून पाहिला.