वांग्याचं पथ्य

सिंदीच्या शाळेत मी मास्तर म्हणून लागलो, त्याच वर्षी माझ्या मायला उठलं-बसलं की चक्कर येऊ लागली. पन्नास सालानंतरची गोष्ट. गावात नवे डॉक्टर आले होते, पुण्याकडचे, बोलणं एकदम साफ. "अंगात रक्त कमी आहे," म्हणाले. लाल औषधाची बाटली दिली. बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी. एक खाच म्हणजे एक डोस. निघताना मायनं हात जोडून विचारलं, "पथ्य काय जी?"

डॉक्टर हसले. "काहीच नाही, बाई. मनाला येईल ते खा."

"हो जी," माय म्हणाली, अन् बाटली पदराखाली धरून घराकडे चालू लागली.

मग भलतंच सुरू झालं. माझी माय म्हणजे तिखट जिभेची, ती एकाएकी गोड बोलू लागली. शेजारणीशी वर्षभराचा अबोला सोडला. पाणी भरायचा पितळेचा गुंड, ज्याला ती कोणाला हात लावू देत नसे, तो माझ्या बहिणीला देऊन टाकला. मला वाटलं, वा, औषध लागू पडलं! पण चेहरा तर आणखीच पांढरा. हे काय गौडबंगाल, म्हणून मी फळीवरची बाटली उतरवली. आठ दिवसांत दोनच खाचा रिकाम्या!

मी भडकलो. "माय, औषध काऊन नाई घेत?"

"कायले घेऊ बाप्पा? डॉक्टरनं तं हात टेकले."

"कोण म्हणते?"

"तुह्यासमोरच तं म्हणला. मनाले येईल ते खा. तुह्या बापाले बी वैद्य असंच म्हणला होता. चवथ्या दिवशी गेला तो."

आमच्याकडे वैद्यानं पथ्य सोडलं की घरचे काय ते समजत. मास्तर असून माझ्या डोक्यात हे आलं नाही! ती आठ दिवस मरणाची तयारी करत होती, अन् मी शेजारच्या खाटेवर वह्या तपासत होतो. स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी दवाखाना गाठला अन् सगळं सांगितलं. "अरेच्चा!" डॉक्टर म्हणाले, "मी तर त्यांना चांगली बातमी दिली होती." मग विचारलं, "त्यांना सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"वांगं."

संध्याकाळी ते घरीच आले. मायची नाडी बराच वेळ धरून ठेवली. "बाई, महिनाभर वांगं बंद. डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे रोज खायचे. चुकवलं तर माझं औषध चालायचं नाही."

माय उठून बसली. "वांगं बंद? खरंच जी?"

"सक्त बंद."

"म्हंजे वाचतो मी?"

अन् ती हमसून हमसून रडली. डॉक्टर गेल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले, माझ्याकडून बाटली मागून घेतली अन् म्हणाली, "उद्या तुह्या बहिणीकडं जाजो. माहा गुंड वापस आणजो."