सातव्या बराकीच्या छपरावरचा बर्फ

आखातातल्या मनाम्यात कुणी विचारलं, काय काम करतेस, तर मी सांगायची, नकाशे काढते. त्यापुढे समजावायला गेलं की ऐकणाऱ्याचा चेहरा कोरा व्हायचा. मीना सलमानच्या बंदरामागे, गोदामांच्या रांगेत आमचं सर्व्हेचं ऑफिस होतं. विमानातून काढलेले जमिनीचे फोटो यायचे आणि त्यांवरून आम्ही ट्रेसिंग करायचो. समुद्रात कुठे भर घातली, रस्ता कुठे वळवला, सित्र्याला तेलाची नवी टाकी कुठे उभी राहिली. वसईला असताना मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. लग्नानंतर ते सर्टिफिकेट ट्रंकेत पडलं होतं, ते इथे उपयोगी आलं. नवरा एका हॉटेलात रिसेप्शनवर होता. त्याच्या मागोमाग मी आले तेव्हा आमची मुलगी तीन वर्षांची होती. तिला माझ्या आईकडे ठेवलं. दोन वर्षांत परत येऊ, असं सगळ्यांना सांगितलं होतं. सगळेच तसं सांगतात.

आमच्या सेक्शनचे साहेब पोलंडचे होते. साठीच्या जवळ आलेले, उंच, एकटे. त्यांना काचबिंदू होता. कडेचं काही दिसायचं नाही आणि मधलंही हळूहळू धूसर होत चाललं होतं. ही गोष्ट ऑफिसात फक्त मला माहीत होती, कारण त्यांच्या वाटचं बघायचं काम मी करत होते. एकाच जागेचे जरा अंतरावरून घेतलेले दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि स्टिरिओस्कोपच्या दोन भिंगांतून बघायचं. आधी नुसतं करडं दिसतं. मग एकदम जमीन उठून उभी राहते, घरांना उंची येते, झाडं वर येतात. मी बघायची आणि बोलायची, ते शेजारी बसून ऐकायचे.

"विहीर आहे, सर," असं मी एकदा म्हटलं.

"विहीर आहे हे तू ठरवलंस. दिसतं काय ते सांग."

"गोल काळा डाग. कडेला सावली."

"हं. मग आता विहीर म्हण."

तीन वर्षं मी त्यांच्याकडे असं शिकले. बापानंतर मला इतकं मन लावून कुणी काही शिकवलं नव्हतं.

आखातात सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमची मुख्य मिस्सासुद्धा शुक्रवारी. अशाच एका शुक्रवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात आम्ही वसईची मंडळी उभी होतो. गावाकडून नुकतीच आलेली एक बाई माझ्याजवळ आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आई गेली ते कळलं गं. मातीला मी होते. फार माणसं आली होती."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या हातात समोशाची कागदी बशी होती. त्यानं मान खाली घातली. तेवढ्यावरून मला कळलं की त्याला माहीत आहे.

आईला जाऊन सात आठवडे झाले होते. हॉटेलात त्याला ट्रंककॉल आला होता. त्या सात आठवड्यांत मी आईला तीन पत्रं लिहिली होती, आणि ती पोस्टात त्यानंच टाकली होती. म्हणजे टाकतो म्हणाला होता.

"रजा मिळाली नसती तुला," घरी आल्यावर तो म्हणाला. "पोचली पण नसतीस मातीला. इथे खोलीत बसून रडली असतीस. काय उपयोग?"

"माझी आई होती ती."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आणि पोरगी?"

"माझ्या ताईकडे आहे. मजेत आहे."

मी किती दिवस त्याच्याशी बोलले नाही ते आठवत नाही. एवढं आठवतं की आईसाठी रडायला मला जमेना. सगळे रडून मोकळे झाले होते, आणि मी एकटी उशिरा पोचल्यासारखी झाले होते.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी साहेबांच्या नावानं अमेरिकेहून एक मोठं पाकीट आलं. आमचं ऑफिस दुपारी एक ते चार बंद असायचं. सगळे जेवायला, झोपायला घरी जायचे. साहेब म्हणाले, "आज थांबशील? ऑफिसचं काम नाही."

पाकिटात जुने फोटो होते, करडे, कडेला जर्मन अक्षरं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन विमानांनी रशियावरून उडत काढलेले. लढाईनंतर ते अमेरिकनांच्या हाती लागले होते; तिकडच्या सरकारी दप्तरातून साहेबांनी प्रती मागवल्या होत्या.

"अवजड यंत्रांचा कारखाना आहे," ते म्हणाले. "वाच मला तो. पहिल्यापासून. मी काही सांगणार नाही."

पाच-सहा दुपारी मी तो कारखाना वाचला. नदी, नदीच्या काठानं रेल्वेचे रूळ, रुळांची एक फांदी फाटकातून आत. सगळीकडे बर्फ. दोन लांबलचक शेड, त्यांच्या बाहेर क्रेनचे उंच खांब. म्हणजे आत जे बनतं ते माणसांना उचलता येणारं नाही. एका शेडच्या छपरावर बर्फाचा मागमूस नाही, उलट काळी काजळी. "ही फाउंड्री," मी म्हटलं. "आतल्या भट्ट्यांच्या उष्णतेनं बर्फ टिकत नाही." धुराड्यांच्या सावल्या मोजून मी त्यांची उंची काढली. एक तळं गोठलेलं नव्हतं, म्हणजे गरम पाणी तिथे सोडत होते. मालाच्या डब्यांची रांग, राखेचे ढीग, आणि शेडवरून शेडकडे जाणाऱ्या, माणसांच्या पायांनी पडलेल्या वाटा.

बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन, खिडकीतला एसी घरघरतोय, आणि मी बर्फातल्या वाटा मोजतेय. मला ते आवडायला लागलं होतं. त्या तीन तासांत मी कुणाची मुलगी नव्हते आणि कुणाची आई नव्हते.

सहाव्या दिवशी मी कारखान्याच्या मागे सरकले. "कुंपण आहे, सर. दुहेरी. कोपऱ्यांवर उंच काहीतरी, सावली लांब पडलीय. चौकी असेल. आत लांबट बराकी आहेत, सारख्या मापाच्या, अकरा."

साहेबांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "नदीकडून मोज. सातवी."

मग त्यांनी सांगितलं. लढाईच्या सुरुवातीला रशियनांनी त्यांना आणि त्यांच्या मोठ्या भावाला घरातून उचलून नेलं होतं. दोघं त्या फाउंड्रीत कैदी म्हणून राबले. दीड वर्षानं हुकूम निघाला की पोलिश कैद्यांना सोडणार, जे धडधाकट असतील त्यांनी दक्षिणेला जाऊन फौजेत भरती व्हावं. त्याच्या आठवडाभर आधी भावाच्या पायावर लोखंडाचा ठोकळा पडला होता. त्याला उठता येत नव्हतं.

"तो म्हणाला, तू हो पुढे. पाय बरा झाला की येतो मागून. मी गेलो. मी एकोणीस वर्षांचा होतो. गाडीत जागा मिळाली याचा मला आनंद झाला होता. तेही सांगतो तुला."

तिथून इराण, मग इंग्रजांची फौज, मग हे सर्व्हेचं काम, देशोदेशी. भावाची बातमी पुन्हा कधी कळली नाही. हा फोटो त्यांच्या सुटकेनंतरच्या हिवाळ्यातला होता.

"सातवीच्या धुराड्यातून धूर निघतोय का?" त्यांनी विचारलं. "माझ्या डोळ्यांना दिसत नाही. आठ दिवस बघतोय मी."

मी भिंगांवर वाकले. बाकी दहा बराकींच्या छपरांवर धुराड्याभोवती बर्फ वितळून काळं वर्तुळ झालेलं. दारापासून वाट निघालेली. सातव्या बराकीचं छप्पर मात्र पांढरंशुभ्र, गुळगुळीत. धुराड्याची नळीसुद्धा बर्फात अर्धी बुडालेली. दारासमोर एकही पाऊल नव्हतं.

"आहे, सर," मी म्हणाले. "बारीक आहे, पण आहे."

"आणि दारासमोर?"

"वाट आहे."

दिसतं काय ते आधी सांग, असं त्यांनी या वेळी म्हटलं नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चार वाजता लोक परत यायला लागले तेव्हा ते म्हणाले, "थँक यू."

मी असं का केलं ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, म्हाताऱ्या माणसाला एक दिवस बरं वाटेल, कुणाचं काय बिघडणार, इतकंच मनात आलं असावं. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो इस्त्री करत होता. इस्त्री उभी करून त्यानं माझ्याकडे बघितलं.

"मग? आता कळलं?" तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी साहेब सकाळी माझ्या आधी आले होते. दाढी केलेली, कडक शर्ट. त्यांनी मला पत्र टाईप करायला बसवलं. लढाईत हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या संस्थेला. त्यात एक वाक्य होतं: आमच्या ऑफिसातल्या प्रशिक्षित व्यक्तीनं फोटो तपासून सातवी बराक त्या हिवाळ्यात वापरात असल्याची खात्री केली आहे. ते वाक्य मी माझ्या बोटांनी टाईप केलं.

मग पत्रांवर पत्रं. लंडनला, वॉर्सोला, मॉस्कोला. हळूहळू भाऊ साहेबांच्या बोलण्यात यायला लागला. तो हातानं फार हुशार, त्याला तिथे नक्कीच चांगलं काम दिलं असणार. लग्न केलं असेल. एवढ्यात आजोबासुद्धा झाला असेल. एकदा आम्ही मनाम्याच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, ऑफिसचं सामान आणायला गेलो, तर तिथे त्यांनी जाडजूड लोकरी कोट विकत घेतला. एवढ्या उन्हात कोट कशाला, म्हणून दुकानातला सिंधी हसला. "भावाला," साहेब म्हणाले. "तो माझ्याहून रुंद आहे." आणि दोन्ही हातांनी हवेत खांदे दाखवले.

लंडनला डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यात गेलेलं परत येत नाही, उरलेलं वाचवायचं. साहेबांनी तारीख पुढे ढकलली. मॉस्कोचं उत्तर इथे येईल आणि मी नसेन, असं त्यांचं म्हणणं. मग पुन्हा ढकलली. मी म्हणायची, "सर, जाऊन या, पत्र मी सांभाळून ठेवीन." ते म्हणायचे, "इंशाल्ला, पुढच्या महिन्यात."

अशी पावणेतीन वर्षं गेली. कितीतरी वेळा मी तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी कन्फेशनला जाऊन फादरना सांगितलं. ते म्हणाले, "हे मला नाही, त्यांना सांगायला हवं." तोवर साहेबांना टेबलाची कड हातानं चाचपावी लागत होती. कंपनीनं त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाही म्हणून कळवलं होतं.

एका दुपारी मी घरी गेले नाही. सगळे गेल्यावर त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "सर, सातवीतून धूर नव्हता. मी खोटं बोलले."

ते म्हणाले, "काढ फोटो."

मी फोटो लावले.

"वाच."

मी वाचलं. छपरावर बर्फ, सगळ्यांत जाड. नळी बर्फात. दारासमोर पाऊल नाही. त्यांनी मला थांबवलं नाही.

"कुंपणाच्या बाहेर?"

ते मी बराकी पाहिल्या त्याच दिवशी बघितलं होतं. "तीन लांब पट्टे," मी म्हणाले. "काळसर. बर्फ काढून जमीन खणल्यासारखी. एक अजून उघडा आहे."

"हं," ते म्हणाले. नेहमी म्हणायचे तसंच. मग ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डावीकडे तोंड करून बोलले.

"तीन वर्षं तो जिवंत होता. आता मला त्याला परत तिथे सोडून यावं लागेल."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. आमच्यात तशी पद्धत नाही, पण दुसरं काही सुचलं नाही. त्यांना मी दिसले नाही. ते भिंतीला धरून उठले आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याजवळ बसायला दुसरा ट्रेसर दिला, केरळचा. साहेब माझ्याशी कामापुरतं बोलायचे, सभ्यपणे, "प्लीज" म्हणून. मला ते रागावले असते तर बरं झालं असतं. महिनाभरानं मी एक दिवस आले तर त्यांचं टेबल पुसलेलं होतं. केरळचा ट्रेसर म्हणाला, "गये ना, कल. मैं छोडके आया एअरपोर्ट." मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी मी रजेवर वसईला गेले. मुलगी नऊ वर्षांची झाली होती. नणंदेच्या मागे उभी राहून तिनं मला हाय म्हटलं आणि नणंदेला विचारलं, "मम्मा, मी खेळायला जाऊ?" नणंद कावरीबावरी झाली. मी म्हटलं, "जा."

परत आले तेव्हा माझ्या टेबलावर मॉस्कोचं पाकीट होतं, साहेबांच्या नावाचं. ते मी उघडलं. उघडायला नको होतं. इंग्रजीत चार ओळी होत्या. आपण विचारलेल्या नावाची व्यक्ती सदर कारखान्यात कधीही नव्हती. तसंच, अर्जदारानं स्वतःही तिथे काम केल्याची कुठेच नोंद नाही. फोटो न दिसताही सातवी बराक नदीकडून मोज म्हणणाऱ्या माणसाची त्यांच्याकडे नोंद नव्हती.

मी ते पुन्हा चिकटवलं आणि ऑफिसात असलेल्या त्यांच्या इंग्लंडच्या पत्त्यावर रजिस्टरनं पाठवलं. अडीच महिन्यांनी ते परत आलं. वर कुणीतरी निळ्या शाईनं लिहिलं होतं की हे गृहस्थ इथे राहत नाहीत, नवा पत्ता ठाऊक नाही.