काठावरची नवमी

नाव: उद्धव. वय: त्रेचाळीस. राहणार: सेलू, जिल्हा परभणी. हुद्दा: कनिष्ठ सहायक, आवक-जावक विभाग. बांधा: मध्यम. वर्तणूक: समाधानकारक. संगणकाचे ज्ञान: प्रमाणपत्रापुरते. शासकीय कामाखेरीज अन्य उद्योग: निरंक.

अन्य उद्योग असा की, हा इसम वर्षभर सुट्टीच्या दुपारी वडिलांची वही संगणकाच्या सी भाषेत उतरवत होता. अण्णांनी चाळीस वर्षं पंचांगाचं गणित हातानं केलं, कारण छापील कॅलेंडरातला सूर्य मुंबईचा, आणि सेलूला तो पाव तास आधी उगवतो. या पाव तासाबद्दल अण्णांनी मुंबईला शेवटपर्यंत माफ केलं नाही. ते गेले आणि उद्धवनं त्या गणिताची लायब्ररी, म्हणजे कुठल्याही यंत्राला वापरता येईल असा कोडाचा गठ्ठा, लिहायला घेतली. कोड एकच, त्यापासून प्रत्येक यंत्राला त्याच्या मापाची लायब्ररी बांधून द्यायची. त्यानं तीन यंत्रांना दिली: स्वतःचा लिनक्सवाला लॅपटॉप, घरची श्राद्धं सांगणाऱ्या शंतनु गुरुजींचा विंडोजवाला म्हातारा संगणक आणि आईचा फोन.

लायब्ररीला पहिलं खरं काम आलं ते अण्णांच्याच वर्षश्राद्धाचं. माघ वद्य नवमी. श्राद्धाला तिथी दुपारी असावी लागते, आणि यंदा नवमी दोन दुपारींत वाटली गेली होती, अर्धी गुरुवारी, अर्धी शुक्रवारी. ज्या दुपारी वाटा मोठा, तो दिवस खरा. लॅपटॉप म्हणाला गुरुवार. गुरुजींचा संगणक म्हणाला गुरुवार. फोन म्हणाला शुक्रवार.

"आता रे?" सुमंगलाबाईंनी फोन त्याच्यापुढं धरला. "जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या तिथी काढल्या. त्यांच्याच पानाला चुकीचा दिवस?"

"बघायलोय ना आई."

"चार दिवस झाले बघायलास."

गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, "मी दोन्ही दिवस रिकामाच आहे, उद्धवराव. तुमी यंत्रांची समजूत काढा."

रविवारी दुपारी उद्धव ओसरीवर बसला आणि सगळं पुसून तिन्ही लायब्रऱ्या मुळापासून पुन्हा बांधायला घेतल्या. एक हुकूम द्यायचा आणि मग बसून राहायचं. यंत्र फाईलमागून फाईल चघळत राहतं आणि पडद्यावर ओळी वर सरकत राहतात. जिनिंगकडून कापसाचे तंतू तरंगत येत होते. एक लॅपटॉपच्या कडेवर टेकला, विचार करून पुढं गेला. ओळी सरकत होत्या. हळूहळू त्या येलदरी धरणाच्या पाण्यावरच्या सुरकुत्या झाल्या, आणि पाण्याच्या काठाला अण्णा उभे, धोतराचा सोगा हातात, तिन्ही मनगटांवर घड्याळं. तिसरं मनगट कुठून आलं हे विचारणं उद्धवला बरं दिसेना. सूर्य तीन वेळा उगवला, दर वेळी जरा वेगळ्या जागी. अण्णांनी एकाही घड्याळाकडं पाहिलं नाही. ते घराकडं पाहत होते, स्वयंपाक झाला का हे बघावं तसं.

"अहो, चहा," निवेदिता म्हणाली. त्याच्या बायकोला नवऱ्याचं काम आणि डुलकी यांतला फरक कळत असे, पण ती तो बोलून दाखवत नसे. "झालं का तुमचं?"

झालं होतं. चूक शून्य. गुरुजींकडंही जाऊन चालवून पाहिलं, उत्तरं तीच: गुरुवार, गुरुवार, शुक्रवार. खोलात गेल्यावर कळलं, प्रत्येक यंत्र दशांशाचं शेपूट आपापल्या ठिकाणी तोडतं. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण यंदा दोन वाट्यांत पापणी लवण्याइतकाही फरक नव्हता.

मग त्यानं वहीच उघडली आणि ओळ न् ओळ कोडाशी ताडून पाहिली. गणित सगळं उतरलं होतं. वर्षभरापूर्वी त्यानं फक्त गणित नसलेल्या ओळी सोडून दिल्या होत्या. त्यांतली एक समासात, आडवी लिहिलेली: *वाटे पळाच्या आत सारखे आले, तर आकड्यांशी भांडू नये. घरात विचारावे.*

ही ओळ उद्धवनं बराच वेळ वाचली. मग ती कोडात घातली. गुरुवार आणि शुक्रवार यांच्या जोडीला लायब्ररीला तिसरं उत्तर आलं. पुन्हा तीन वेळा बांधणी, पुन्हा सरकत्या ओळी, पुन्हा तंतू. सोमवारी गुरुजींच्या संगणकावरही ती बसवली, आणि तिन्ही यंत्रं पहिल्यांदा एका सुरात म्हणाली: घरात विचारावे.

"आई," उद्धवनं विचारलं, "गुरुवार का शुक्रवार?"

सुमंगलाबाई तांदूळ निवडत होत्या. "आता मला विचारायलास? एवढं यंत्र शिकून?"

"यंत्रच म्हणायलंय, तुला विचार म्हणून."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मग शुक्रवार. गुरुवारी त्यांचा उपास असायचा. उपासाच्या दिवशी माणसाला जेवायला बोलावतं का कुणी?"

श्राद्ध शुक्रवारी झालं. उद्धवनं रजेचा अर्ज दिला नव्हता. कचेरीत तो नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.