बॉनेटवरचा हात

१२ ऑगस्ट, बुधवार. दिवसभर ढगाळ, कपडे वाळले नाहीत. सकाळी नळवाला येऊन वॉशर बदलून गेला. दुपारी पेंटरीणबाईंना घेरी आली, पेंटर त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. संध्याकाळी निरोप आला, त्या गेल्या.

त्या दिवशी एवढंच लिहिलं. घडलं तेवढं लिहायचं, रडगाणं गायचं नाही, ही कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय. पण त्या बाई एका ओळीत मावणाऱ्या नव्हत्या.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर त्यांची शेड. तिथे गाड्या रंगवायचं काम चाले. नवरा पेंटर, म्हणून सगळी गल्ली त्यांना पेंटरीणबाई म्हणायची. नवीन लग्न झालं तेव्हा नुसता डबा द्यायला यायच्या. मग चिंध्या धुवून देऊ लागल्या, आणि हळूहळू गंज काढायचं काम त्यांनी आपल्याकडेच ओढून घेतलं. पेंटरांनी जुना रंग खरवडून पत्रा उघडा केला की या पॉलिश पेपर घेऊन बसायच्या. तांबूस दिसेल तो ठिपका घासायचा, थिनरच्या फडक्यानं पुसायचं, मान तिरकी करून उजेडात बघायचं, पुन्हा घासायचं. पेंटर प्रायमर मारायला घाई करू लागले की म्हणायच्या, "थांबा, अजून आहे." आणि खरंच असायचा.

त्यांचा एक नियम होता. उघड्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. हाताचा घाम लागला की तिथेच गंज धरतो, आणि वरून रंग दिला तरी आतून फुगून येतो. गाडीचा मालक कौतुकानं हात पुढे करू लागला की ओरडायच्या, "साहेब, हात खिशात! डोळ्यांनी बघा." नवऱ्याला तर मुळीच सवलत नव्हती.

"अहो, लांब उभे राहा. तुमच्या हाताला केवढा घाम येतो ते मला लग्नातच कळलंय."

"मग तेव्हाच पळून का नाही गेलीस?"

"हात सुटला असता तर गेले असते. चिकटला होता!"

मी भांडी घासता घासता हे ऐकायची आणि एकटीच हसायची.

त्या बुधवारी त्यांनी एका गाडीचं बॉनेट चकचकीत करून ठेवलं होतं. चहा प्यायला हातमोजे काढले, खिळ्याला अडकवले आणि कप घ्यायला वळल्या तोच झोक गेला. पडू नये म्हणून हात टेकला तो नेमका बॉनेटवर. मी खिडकीतून पाहिलं आणि धावले. पेंटरांनी त्यांना सावरलं होतं. चेहरा पांढराफटक, जीभ जड, आणि तशातही म्हणाल्या, "अहो, तेवढं पुसून घ्या." नंतर त्या काही बोलल्याच नाहीत.

पुसायचं कोणाच्या लक्षात राहणार?

बरेच दिवस शेड बंद होती. हवा दमट. शेवटी आज गाडीचे मालक बिचकत विचारायला आले, तेव्हा पेंटरांनी दार उघडलं. थोड्या वेळानं मला हाक आली. "ताई, जरा येता का?"

बॉनेटच्या मधोमध गंजाचा हात उमटला होता. पाची बोटं, अंगठा जरा लांब, तळव्याची खोलगट जागा कोरी. एका बोटाच्या मुळाशी अंगठीएवढी रेघही कोरी राहिली होती.

मालक मागे सरकून उभे होते. मी म्हणाले, "पेंटर, हे बॉनेट ठेवून घ्या. यांना दुसरं बसवून द्या."

"हो हो, ठेवा," मालक म्हणाले. "माझी काही हरकत नाही."

पेंटरांनी वाकून एकेक बोट पाहिलं. मग म्हणाले, "ठेवून काय करू, ताई? हा गंज इथे थांबतोय थोडाच? महिन्या-दोन महिन्यांत बोटं जाड होतील, मग एकमेकांत मिसळतील. तिचा हात असा नासताना बघत बसू?"

"वरून काही पारदर्शक मारलं तर?"

"आतून खातच राहतो. तीच सगळ्यांना सांगायची ना."

माझे यजमान गेले, त्यांचा चष्मा माझ्याकडे आहे. रोज पुसून ठेवते, तो आहे तसा राहतो.

पेंटरांनी आपला उघडा हात त्या हातावर ठेवला. बोटावर बोट. त्यांना ओरडायला आज कोणी नव्हतं.

मग त्यांनी खिळ्यावरचे हातमोजे काढून चढवून पाहिले. ते लहान होते. पुन्हा जागच्या जागी अडकवले, स्वतःचे घातले आणि पॉलिश पेपर घेतला. मनगटाकडून सुरुवात केली. बोटं शेवटी घेतली. एकेक बोट जाताना पेपरखालून तांबडी भुकटी निघत होती आणि ते ती फुंकत नव्हते, फडक्यात गोळा करत होते. झाल्यावर मान तिरकी करून उजेडात बघितलं, अगदी बाईंसारखं.

"ताई, मला आता नीट दिसत नाहीये. तुम्ही बघा. राहिलंय कुठे?"

मी वाकून पाहिलं. "अजून आहे" म्हणावंसं फार वाटलं. पण कुठेच काही नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी थिनरनं पुसलं आणि प्रायमर मारला.

संध्याकाळी लिहिलं: थिनरच्या वासामुळे स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. नळ पुन्हा ठिबकतो आहे.